समुद्राकडची भिंत आणि पितळी तोंडाची झारी

४ नोव्हेंबर

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. साष्टांग हे लिहिण्यापुरतंच. खरोखर घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील.

पत्र लिहिण्यास कारण की, या घरावर आघात झाला आहे. मागच्या महिन्यात तू चार दिवस राहून गेलीस आणि तुझ्याबरोबर माझी झारीही गेली. आधी मला खालच्या मजल्यावरच्या निवृत्त न्यायाधीशांचा संशय आला, कारण त्यांच्या कुंड्या हल्ली गुन्हेगारासारख्या टवटवीत दिसतात. दोन दिवस मी त्यांच्याशी तुटक बोललो. शेवटी बायकोनं सांगितलं, की ताईंनी जाताना झारी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि दोरी मीच दिली. म्हणजे फितुरी घरातूनच.

ही झारी म्हणजे सोम्यागोम्या वस्तू नव्हे. वीस वर्षं माझ्याकडे आहे. तिच्या तोंडाला पितळी चाळणी आहे आणि छिद्रं इतकी बारीक, की पाणी पडत नाही, उतरतं. हल्लीच्या प्लास्टिकच्या झाऱ्या रोपाला पाणी घालत नाहीत, फेकून मारतात. सध्या मी माझ्या तीन गुलाबांना चहाच्या गाळण्यातून पाणी देतो आहे. काल चहाला मातीचा वास होता आणि गुलाबांना आल्याचा. दर रविवारी सदरातून मोठमोठ्यांच्या टोप्या उडवणारा माणूस घरात गाळणं घेऊन फिरतो, हे वाचकांना कळलं तर माझं काय राहील?

तरी झारी त्वरित परत यावी. बाबांना नमस्कार. पायाची सूज उतरली का?

तुझा,
धाकटा

११ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. न्यायाधीशांची माफी माग. झारी माझ्याकडे आहे आणि तूर्त इथेच राहील.

हे फोनवर सांगितलं असतं, पण फोन स्पीकरवर असतो आणि बाबा शेजारी असतात. सत्याऐंशीव्या वर्षी त्यांना 'गोळी घ्या' एवढंच ऐकू येत नाही, बाकी सगळं येतं. म्हणून पत्र.

वाचनालय जाण्याच्या बेतात आहे. गंमत करत नाही. नगरपालिकेचा इंजिनियर २० जानेवारीला इमारत तपासायला येणार आहे आणि त्यानं 'धोकादायक' असा शेरा मारला, की दाराला कुलूप. धक्क्यावरची ही दोरखंडांची जुनी वखार बाबांनी पुस्तकांनी भरली, त्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांच्या खुर्चीवर बसले, ते समितीचे अध्यक्ष झाले आणि रोज सकाळी येऊन मी खुर्चीवर नीट बसते का ते बघतात. कुलूप लागलं तर ते सकाळी कुठे जातील, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे. बाकीचं नंतर.

दुखणं एकाच भिंतीचं आहे, समुद्राकडच्या. ओल छातीपर्यंत चढली आहे आणि वर लोणा, म्हणजे भिंतीतलं मीठ, फुटून भिंतीला पांढरी दाढी आली आहे. टिचकी मारली तर डब्यासारखा आवाज येतो. चुन्याचं काम करणाऱ्या एक गवंडीणबाई मी शोधून आणल्या. पन्नाशीच्या आहेत, हात विटेसारखे आणि जीभ त्याहून भाजलेली. त्यांनी चारही भिंतींवरून तळवा फिरवला आणि मलाच झापलं. तीन भिंती चुन्याच्या आहेत. दीडशे वर्षं खारा वारा खाताहेत. ओल येते, वाऱ्यावर निघून जाते, गिलाव्याचा एखादा पोपडा जातो, दगडाला काही होत नाही. चौथीला मात्र वीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी सिमेंट फासलं. बाई म्हणाल्या, "भिंतीला रेनकोट घातलाय आणि ओल आतच ठेवलीय. आता ती आतल्या आत घामेजते. मिठाला बाहेर पडायला वाट नाही, मग ते दगड खातं."

उपाय असा: सिमेंट काढायचं, सांधे खरवडायचे, ते मुरवलेल्या चुन्यानं आणि विटेच्या भुकटीनं भरायचे. हा चुना घाईनं वाळला तर पिठासारखा होतो, म्हणून कित्येक दिवस त्याला ओलसर ठेवायचं. नळीनं पाणी मारलं तर वाहून जातो. पाणी दवासारखं पडायला हवं. मागच्या दाराजवळ हातभर नमुना करून बघितला आहे, त्याला तुझी झारी लागते. आता कळलं?

सगळं जमलं आहे, फक्त बाबा नाही म्हणतात. अध्यक्षांच्या सहीशिवाय ठोका मारता येत नाही. 'ती भिंत राहू दे,' एवढंच म्हणतात आणि वर्तमानपत्र वर करतात. तुझं ते ऐकतात. लिही त्यांना.

ता.क. सिमेंट कुणी केलं याची नोंद नाही. जुन्या इतिवृत्तात 'एका हितचिंतकाकडून' एवढंच आहे. सापडला तर त्याला मी झारीनंच मारीन.

ताई

१८ नोव्हेंबर

ती. ताईस,

पत्र पोचलं. तुझ्या गवंडीणबाईंबद्दल आदर बाळगून म्हणतो, की त्या जरा नाटकी वाटतात. भिंत घामेजते म्हणे. उद्या तिला थर्मामीटर लावतील.

माझं मत विचारशील तर बाबांचं ऐकावं. एवढ्या मोठ्या भिंतीला आत्ता हात लावायचा आणि जानेवारीत इंजिनियरला उघडीवाघडी भिंत दाखवायची, यात शहाणपण दिसत नाही. वरून रंगाचा एक हात द्यावा. सिमेंटही काही वाईट नसतं. चांगले दोन थर आणि त्यात पाणी न शिरणारी ती पूड घातली, की माणसाला वाटणारच, आता चिंता मिटली. त्या हितचिंतकाचा हेतू काही वाईट नसणार. बिचारा आज कुठे असेल कोण जाणे.

बाबांना मी स्वतंत्र लिहीत नाही. सध्या कामाची गडबड आहे.

गुलाबांपैकी एकानं मान टाकली आहे.

धाकटा

२७ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

आशीर्वाद, नेहमीपेक्षा एक कमी. कारण शेवटी येईल.

आधी आनंदाची बातमी. पूर्वेच्या खिडकीचा एक दगड सैल झाला होता, तो काढला आणि आत हातभर खोलवरचा चुना बघायला मिळाला. त्यात पांढरे खडे होते, वाटाण्याएवढे. मी म्हटलं, मिसळणाऱ्यानं आळस केलेला दिसतो. गवंडीणबाई म्हणाल्या, हा आळस नाही, शिदोरी आहे. बारीक भेग पडली की ओलीबरोबर हाच चुना विरघळतो, भेगेत जाऊन बसतो आणि भिंत आपली आपण सांधली जाते. असा आळस तुझ्यात असता तर आईला किती बरं वाटलं असतं.

मग माझ्यातली रसायनाची शिक्षिका जागी झाली. इथल्या शाळेतून ती बाटली आणली, ज्यातला रंग नसलेला थेंब टाकला की तू वर्गात उगीच ओरडायचास. चुना हवा खाऊन पुरा दगड झाला असेल तर थेंब तसाच राहतो. व्हायचा बाकी असेल तर गुलाबी होतो. पृष्ठभागावर टाकला, काही नाही. आतल्या ढेकळावर टाकला आणि काय सांगू, जास्वंदीसारखा रंग उमलला. दीडशे वर्षं झाली तरी भिंत पोटात अजून घट्ट होतेच आहे. आमचे जुने सभासद, दवाखान्यातले कंपाउंडर, बाटली वाचून म्हणाले, हे तर आम्ही पूर्वी जुलाब व्हावेत म्हणून देत असू. त्यानंतर दोन दिवस वाचनालयात कुणी पाणी प्यायलं नाही.

बाबांनी मला सात वेळा थेंब टाकायला लावला. आठव्यांदा स्वतः टाकला. त्यांचा चेहरा बघायला तू हवा होतास. ती संधी साधून मी पुन्हा समुद्राकडच्या भिंतीचा विषय काढला. लगेच बाटलीचं बूच लावलं. मग म्हणाले, "ज्यानं केलंय त्याला विचारल्याशिवाय कसं फोडायचं?" मी म्हटलं, तो कोण आहे तेच तर माहीत नाही. म्हणाले, त्याला माहीत आहे. मला वाटतं ते गावात सिमेंटची कामं करणाऱ्या जुन्या कंत्राटदाराबद्दल बोलतात. तो जाऊन सहा वर्षं झाली. आता त्याची परवानगी कुठून आणू? बाबांचं वय झालं रे.

आता कमी केलेल्या आशीर्वादाबद्दल. दोन थर आणि पाणी न शिरणारी पूड. हे मी तुला लिहिलं नव्हतं. मलाच माहीत नव्हतं. तुला कसं?

ताई

१४ डिसेंबर

ती. ताईस,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितो आहे. पहिली दोन फारच विनोदी झाली होती.

मीच तो. वीस वर्षांपूर्वी बाबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तुझ्या तेव्हाच्या नोकरीच्या गावी बारा दिवस येऊन राहिले होते, आठवतं? त्याच्या आधी त्यांचं पत्र आलं होतं. त्यात स्वतःच्या डोळ्याबद्दल एक ओळ आणि चार नंबरच्या कपाटातल्या प्रवासवर्णनांना ओल लागते याबद्दल दीड पान. मला तेव्हा पहिल्या पुस्तकाचं बक्षीस मिळालं होतं, पैसे हाताशी होते. कुणाला न सांगता गेलो, वाचनालयाची किल्ली घेतली, कंत्राटदाराला गाठलं आणि जे सगळ्यांत कडक, सगळ्यांत नवं असेल ते लाव म्हटलं. भिंतीचा चांगला चुना आम्ही ठोकून काढला, ताई. निघत नव्हता. मला वाटलं, जुना आहे म्हणून हट्टी आहे. उरलेले सगळे दिवस मी स्वतः त्या सिमेंटला सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. कंत्राटदाराला शपथ घातली, कपाट जागेवर ठेवलं, पुस्तकं लावली आणि बाबा यायच्या आत पळालो. नंतर त्यांचं पत्र आलं: 'कुणा भल्या माणसानं भिंत केली आहे. कोरडी ठणठणीत आहे.' ते पत्र माझ्याकडे अजून आहे.

आयुष्यात मी लोकांच्या चुकांवर पोट भरलं. मंत्री, संपादक, नवकवी, कुणाला सोडलं नाही. आणि वडिलांच्या पुस्तकांची वीस वर्षं नासाडी करणारा माणूस मीच निघालो. यावर सदर लिहिता येत नाही.

भिंत फोडा. माझी परवानगी आहे, जी काय असेल ती. फक्त बाबांना सांगू नकोस, एवढं कर. त्यांना सांग, कंत्राटदाराच्या मुलानं होकार दिला. सत्याऐंशीव्या वर्षी त्यांना हे कळायला नको.

धाकटा

२२ डिसेंबर

चि. धाकट्यास,

सगळे आशीर्वाद परत दिले आहेत.

तुझं पत्र मी वाचनालयात, टेबलाखाली धरून वाचत होते. बाबा समोर वर्तमानपत्रात. वर्तमानपत्र खाली न करता म्हणाले, "धाकट्याचं ना? कबूल झाला का?"

मी उडालेच. पत्र मी दाखवलं नाही, पण त्यांना त्याची गरजही नव्हती. अरे, त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. डोळ्याची पट्टी सुटल्यावर ते परत आले, चार नंबरचं कपाट उघडलं आणि प्रवासवर्णनं क्रमांकानं नव्हे तर उंचीनं लावलेली. मोठी डावीकडे, लहान उजवीकडे, वर्गाच्या फोटोसारखी. पुस्तकं उंचीनं लावणारा आपल्या घरात एकच, असं म्हणाले आणि इतके हसले की चष्मा काढावा लागला. लहानपणी त्यासाठी तुला किती बोलणी खावी लागली असतील.

पुढचं मी विचारून विचारून काढलं. तिसऱ्या वर्षी सिमेंटच्या वर ओल दिसली तेव्हाच त्यांना कळलं होतं काय झालंय ते. समितीत दोनदा भिंत फोडायचा ठराव आला, दोन्ही वेळा त्यांनी तो बारगळवला. चार नंबरचं कपाट त्यांनी भिंतीपासून हातभर पुढे ओढलं आणि दरवर्षी प्रवासवर्णनं स्वतः उन्हात घातली. तुझी नासाडीबिसाडी काही झालेली नाही. एक पुस्तक गेलं, तेही वाळवंटाबद्दलचं, त्याला जरा ओल मिळाली तर बिघडलं काय, असं अध्यक्षांचं म्हणणं. मी विचारलं, मग धाकट्याला इतकी वर्षं सांगितलं का नाही? म्हणाले, "न मागता त्यानं पहिल्यांदाच काही दिलं होतं. ते चुकीचं निघालं म्हणून परत कसं करायचं?"

म्हणजे मी बाबांना हट्टी समजत होते, तू त्यांना अजाण समजत होतास आणि ते आपल्या दोघांची उत्तरपत्रिका तपासत बसले होते.

सही झाली आहे. एकच अट घातली. पहिला ठोका, ज्यानं फासलं त्याचा. ३ जानेवारीला काम सुरू. ये.

ताई

२७ डिसेंबर
(पोस्टकार्ड)

ती. ताईस,

येतो आहे. हातोडा कोणत्या हातात धरतात ते कळव.

धाकटा

२१ जानेवारी

चि. धाकट्यास,

संपादकांनी तुला १८ तारखेला ओढून नेलं म्हणून काल काय झालं ते चुकलास. सावकाश वाच, मी सावकाशच लिहिणार आहे.

इंजिनियर अगदी कोवळा निघाला, शर्टाची इस्त्री मोडेल म्हणून वाकायला तयार नाही असा. तिन्ही भिंतींना त्यानं हातोडीनं टक टक करून बघितलं. मग समुद्राकडची भिंत, तू उघडी केलेली. बाई म्हणाल्या होत्या तसं गिलावा मुद्दामच केलेला नाही. एक मोसम तिला तशीच ठेवायची आणि मीठ बाहेर येऊ द्यायचं. तो म्हणाला, ही अशी उघडी कशी? गवंडीणबाईंनी कमरेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, वीस वर्षांनी श्वास घेतेय, घेऊ दे.

मी ड्रॉपर पुढे केला. त्यानं दगडांच्या मधून आतलं एक ढेकूळ खरवडलं, थेंब टाकला. गुलाबी. शेजारी आपण भरलेल्या नव्या सांध्यावर टाकला. तोही गुलाबी. इस्त्री विसरून तो गुडघ्यावर बसला आणि पोरासारखा भिंतभर थेंब टाकत सुटला. शेवटी बाबांनी सांगितलं, बाटली शाळेची आहे. हसत उठला आणि तिथेच बाबांच्या टेबलावर लिहून दिलं: 'इमारत धोकादायक नाही. समुद्राकडच्या भिंतीस चुन्याचाच गिलावा करावा. सिमेंट वापरू नये.' शेवटचं वाक्य बाबांनी मोठ्यानं वाचून दाखवलं, दोनदा. मग त्याला सभासद करून घेतलं. चार नंबरच्या कपाटातलं एक जाडजूड प्रवासवर्णन घेऊन गेला.

कंपाउंडर नाचले. खरंच नाचले, त्यांचा गुडघा आता मी शेकते आहे.

तुझ्या हाताचे फोड बरे झाले का? गवंडीणबाई विचारत होत्या, 'तो लेखक कसा आहे, ज्यानं पहिला ठोका स्वतःच्या अंगठ्यावर मारला?' सदरात त्यांच्याबद्दल लिहिलंस तर चुन्यात बसवीन म्हणाल्या.

आणि हो, झारी! तीन महिने तिच्यासाठी रडलास आणि जाताना विसरलास. परवा दाराआड सापडली, खिळ्याला टांगलेली, आरशासारखी घासलेली. कुरियरनं पाठवू का?

ताई

२८ जानेवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. या वेळी खरोखर घातला. बायको आणि न्यायाधीश यांनी मिळून उठवलं.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि इंजिनियर गुडघ्यावर बसतो तिथे चारही वेळा थांबलो. ती बाटली संपली तर नवी मी पाठवीन.

अंगठा ठीक आहे. दुसरा ठोका मात्र भिंतीवरच बसला होता, याची इतिहासात नोंद राहावी. तू तेव्हा चहा आणायला गेली होतीस म्हणून सांगतो. सिमेंट इतकं सुटलेलं होतं की एका ठोक्यात चटईएवढा तुकडा खाली आला. धूळ उडाली. बाबा खुर्चीत नाकाला रुमाल लावून बसले होते. मला वर बघवेना. रुमालामागून ते म्हणाले, "दोन वर्षं फार छान कोरडी होती हं." मी पुढचा सगळा दिवस ठोकत होतो ते त्यामुळे. तुम्हांला वाटलं, लेखकाला चेव आला.

आता झारीबद्दल. ती मी विसरलो नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी सांध्यांवर पाणी घालून झालं आणि म्हटलं, न्यायची तर स्वच्छ करून न्यावी. बुडाला चुना बसला होता, त्याच्या खाली वीस वर्षांची माझ्या गॅलरीतली माती. काथ्यानं घासत गेलो तसा खाली लाल रंग दिसायला लागला. ऑइलपेंटनं काढलेला, बाबांच्या अक्षरातला आकडा. पुस्तकांच्या पाठीवर असतो तसाच: 'सा. वा. १४', म्हणजे सार्वजनिक वाचनालय.

तेव्हा आठवलं. त्या बारा दिवसांत सिमेंटला पाणी घालायला मी वाचनालयाचीच झारी घेतली होती, पायरीवरच्या कुंड्यांची. पळण्याच्या गडबडीत ती सामानातून माझ्याबरोबर आली आणि हळूहळू माझी झाली. आत गेलो. दाराआडचा खिळा तसाच होता. चुन्याच्या भिंतीवर खिळ्याखाली एक फिकट गोल उरला होता, झारीच्या पोटाएवढा. टांगली, तर बरोबर त्या गोलात बसली.

बाबा समोरच होते. त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं, एवढंच.

तेव्हा ४ नोव्हेंबरची तक्रार मागे घेतली आहे, असं समजावं. झारी पाठवू नकोस. गुलाब गाळण्याला सरावले आहेत.

तुझा,
धाकटा